पेटीतली नोंद बाहेर काढताना

(डेटा लॉगर आणि संगणक यांच्या सिरियल जोडणीवरील पुस्तिकेची प्रस्तावना)

पाण्याचा हिशेब ठेवणे भंडारा जिल्ह्याला नवे नाही. कोहळी मंडळींनी बांधलेल्या तलावांवर धान पिकवताना तलाव किती भरला, सांडव्यावरून पाणी कधी सुटले, कोणाच्या बांधीत आधी पाणी सोडायचे आणि कोणाच्या मागून, हे सारे गावाला तोंडपाठ असे. वाद झालाच तर साक्षीला चार जाणती माणसे हजर असत. आता साक्षीला आकडे लागतात. कोणत्या दिवशी किती मिलिमीटर पडला, विहिरीचे पाणी किती मीटर खाली गेले, कोष ठेवलेल्या खोलीत पारा कुठवर चढला, हे तारीख-वेळेसकट दाखवावे लागते. हे आकडे रात्रंदिवस टिपत बसणारी पेटी म्हणजे डेटा लॉगर. आणि त्या पेटीतले आकडे संगणकावर कसे उतरवायचे, तेही सर्वांत जुन्या आणि साध्या वाटेने, म्हणजे सिरियल पोर्टला वायर लावून, हा या पुस्तिकेचा विषय.

आंधळगाव, मोहाडी, तुमसर या पट्ट्यातले आयटीआयचे विद्यार्थी, शाळेतले विज्ञान शिक्षक, हातमाग सोसायट्यांतले आणि शेतकरी गटांतले हौशी तरुण यांना डोळ्यांसमोर ठेवून ती लिहिली आहे. सोल्डरिंग गन हातात धरता येणे आणि संगणकावर फाइल सेव्ह करता येणे एवढ्या भांडवलावर ती वाचता यावी, असा प्रयत्न आहे.

सांगायचे आहे ते एकच, आणि ते आधीच सांगून टाकतो. नोंद ज्याला बाहेर काढता येते, त्याचीच ती असते. पेटी आपल्या आवारात, आपल्या पैशाने बसवलेली असली तरी तिच्यातले आकडे दुसऱ्या कोणाच्या मर्जीने, पासवर्डने किंवा वर्गणीने मिळणार असतील, तर आपण फक्त पेटीचे राखणदार.

नोंद कशाला हवी?

पावसापासून सुरुवात करू. महाराष्ट्रात शेतीच्या नुकसानीचा विचार महसूल मंडळ धरून होतो. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला तर अतिवृष्टी, हा निकष शेतकऱ्यांना पाठ आहे. २०१७ पासून ‘महावेध’ प्रकल्पात राज्यातल्या २,०६५ महसूल मंडळांसाठी स्वयंचलित हवामान केंद्रे उभारली गेली. पाऊस, तापमान, आर्द्रता, वाऱ्याचा वेग आणि दिशा अशी मोजमापे ती घेतात. अशा प्रत्येक केंद्राच्या खांबावरच्या डब्यात डेटा लॉगरच असतो. पण पाऊस मंडळाची हद्द पाहून पडत नाही. केंद्रावर ४० मिलिमीटर आणि चार-पाच किलोमीटरवरच्या बांध्यांत ७५ मिलिमीटर, असे पावसाळ्यात सहज घडू शकते. स्वतःच्या पर्जन्यमापकाची नोंद सरकारदरबारी आपोआप ग्राह्य धरली जात नाही, हे खरे. तरीही तारीख-वेळेची सलग नोंद हातात असलेला माणूस ज्या ठामपणे प्रश्न विचारू शकतो, तो ठामपणा ‘यंदा लई पडला’ म्हणण्याला येत नाही.

दुसरी नोंद विहिरीची. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा सुमारे ३,९०० निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते : पावसाळा सरल्यावर, जानेवारीत, मार्चमध्ये आणि मे महिन्यात. दीर्घकाळचा कल समजायला ही पद्धत चांगली आहे. पण रोवणीच्या दिवसांत सगळ्यांचे पंप एकदम सुरू झाल्यावर पाणी किती झपाट्याने उतरते आणि रात्रीतून किती सावरते, हे वर्षातल्या चार आकड्यांत दिसायचे नाही. जागतिक बँकेच्या मदतीने १९९५ मध्ये सुरू झालेल्या जलविज्ञान प्रकल्पात महाराष्ट्रही होता. त्या काळात निरीक्षण नलिकांमध्ये पातळी आपोआप टिपणारी डिजिटल यंत्रे सोडली गेली. दर सहा तासांनी एक नोंद धरली तर वर्षाला चार आकड्यांऐवजी १,४६० होतात. त्या यंत्रांतले आकडे काढायला माणसाला जागेवर जाऊन वायर लावावी लागे. मोबाइल नेटवर्कवरून नोंदी आपोआप कार्यालयात पोचणे पुढे आले.

तिसरी नोंद आंधळगावची खास : कोषाची. हे गाव कोसा विणणाऱ्यांचे. ज्या किड्यापासून हे रेशीम मिळते तो घरात नव्हे, तर जंगलात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढतो. हंगाम संपला की बियाण्यासाठी निवडलेले कोष टांगून ठेवतात. आतला जीव पावसाळ्यापर्यंत झोपून राहतो. मध्ये येतो तो विदर्भाचा मे महिना. खोलीतली उष्णता हाताबाहेर गेली तर काही जीव आतच मरतात, काही पतंग अवेळी बाहेर पडतात आणि नर-मादींची वेळ जुळत नाही. ओली पोती टांगणे, छपरावर गवत पसरणे, खिडक्या रात्री उघडून दिवसा लावून घेणे, असे उपाय सगळे करतात. यांतला कोणता उपाय किती अंशांनी कामी आला हे ठरवायचे तर तासातासाचे तापमान आणि आर्द्रता हाती हवी. दुपारी दोन वाजता खोलीत डोकावणारा माणूस पहाटे चारला नसतो. लॉगर असतो. मागाच्या खोलीतही हेच. हवा फार कोरडी झाली की धागा तुटायला लागतो, हे विणकराच्या बोटांना आधी कळते, पण किती आर्द्रतेला तुटायला लागतो ते बोटे सांगत नाहीत.

पेटीत असते काय?

झाकण उघडले की डेटा लॉगर फार गूढ राहत नाही. संवेदक, घड्याळ, स्मृती, बॅटरी आणि बाहेर पडायचा दरवाजा असे त्याचे पाच भाग. पर्जन्यमापकात संवेदक म्हणजे दोन कप्प्यांची डुगडुगती पन्हळी. एक कप्पा ठरलेल्या पावसाइतका, उदाहरणार्थ ०.२ किंवा ०.५ मिलिमीटर, भरला की पन्हळी कलते, चुंबक एका छोट्या स्विचसमोरून जातो आणि लॉगर एक टिचकी मोजतो. विहिरीत सोडलेला संवेदक पाण्याचा दाब मोजतो आणि त्यावरून वर किती पाणी आहे ते काढतो. यापूर्वी हेच काम घड्याळाच्या चावीवर फिरणारा ड्रम, त्यावर गुंडाळलेला आखीव कागद आणि शाईचा टाक करत असे. वेधशाळांत असे तापमानलेखक वर्षानुवर्षे चालले. त्यांचा एक गुण मात्र लॉगरने घालवला. कागद काढला की नोंद डोळ्यांना दिसत होती. लॉगरमधली नोंद दिसत नाही. ती मागावी लागते, आणि मागायची तर त्याच्या दरवाजावर त्याच्या भाषेत टकटक करावी लागते.

हा दरवाजा आज यूएसबीचा, ब्लूटूथचा किंवा सिमकार्डाचा असू शकतो. पण शेतात, धरणावर, हवामान केंद्रात वर्षानुवर्षे टिकायच्या यंत्रांवर एक सिरियल पोर्ट अजूनही बहुतेक वेळा सापडतो. अमेरिकेतल्या युटा राज्यात १९७४ मध्ये सुरू झालेल्या कॅम्पबेल सायंटिफिकसारख्या जुन्या उत्पादकांनीही हा दरवाजा सोडला नाही. कारण व्यवहाराचे आहे. तीन वायरी, साधे सर्किट, उघडे प्रमाणमान. आणि पलीकडचा संगणक कोणत्या साली घेतला याच्याशी देणेघेणे नाही.

एकामागून एक

आंधळगावच्या वाचकाला सिरियल म्हणजे काय ते मागावरून चटकन समजेल. ताण्याचे शेकडो धागे शेजारी शेजारी एकाच वेळी ताणलेले असतात, आणि बाण्याचा एकच धागा धोट्याबरोबर ओळीमागून ओळ भरत जातो. पॅरलल जोडणीत आठ बिट आठ तारांवरून एकदम जातात. सिरियलमध्ये ते एका तारेवरून एकामागून एक जातात. तारा कमी, म्हणून खर्च कमी आणि लांबवर नेणे सोपे.

या पद्धतीचे मूळ तारायंत्रात आहे. फ्रान्सच्या तार खात्यातल्या एमिल बोदो यांनी १८७४ मध्ये आपल्या छापणाऱ्या तारायंत्राचे पेटंट घेतले. त्यात प्रत्येक अक्षराला पाच खुणांचा ठरलेला संकेत होता. आज सेटिंगच्या खिडकीत आपण ‘बॉड रेट’ निवडतो ते नाव त्यांच्यावरूनच आले. पुढे टेलिप्रिंटर आले, मग संगणक आणि मोडेम आले, आणि त्यांना एकमेकांशी जोडायला अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेने १९६० मध्ये आरएस-२३२ हे प्रमाणमान ठरवले. १९६९ ची ‘सी’ आवृत्ती दीर्घकाळ चालली. नऊ पिनांचा जो कनेक्टर आपण ओळखतो तो आयबीएमच्या १९८४ च्या पीसी-एटी संगणकाबरोबर रूढ झाला. त्याआधी पंचवीस पिनांचा मोठा कनेक्टर असे.

तारेवर नेमके काय चालते ते एका अक्षरावरून पाहू. विहिरीची पातळी ४.३७ मीटर आहे आणि लॉगर त्यातला पहिला अंक, ४, पाठवतो आहे. वेग ९६००, म्हणजे एका बिटाला सुमारे १०४ मायक्रोसेकंद. तार मोकळी असताना तिच्यावर उणे व्होल्टेज असते. प्रमाणमानाप्रमाणे उणे ३ ते उणे १५ व्होल्ट म्हणजे १, आणि अधिक ३ ते अधिक १५ व्होल्ट म्हणजे ०. अक्षर सुरू होते तेव्हा तार एकदम अधिककडे उसळते. हा स्टार्ट बिट. ‘सावध, येतोय’ एवढेच तो सांगतो आणि संगणकाचे घड्याळ त्या क्षणापासून मोजायला लागते. आस्की संकेतात ४ या अंकाचा क्रमांक ५२ आहे. तो सर्वांत लहान बिटापासून पाठवला जातो : ०, ०, १, ०, १, १, ०, ०. शेवटी स्टॉप बिट, म्हणजे पुन्हा उणे व्होल्टेज. दहा बिट झाले आणि एक मिलिसेकंदाहून किंचित जास्त वेळ गेला. मग टिंब, मग ३, मग ७.

यातून दोन गोष्टी कळतात. पहिली, वेग दोन्हीकडे सारखा का हवा. संगणक ९६०० च्या चालीने ऐकतो आहे आणि लॉगर ४८०० च्या चालीने बोलतो आहे, तर प्रत्येक बिट दोनदा मोजला जाईल आणि पडद्यावर चित्रविचित्र खुणांची रांग उमटेल. असा कचरा दिसला की घाबरायचे नाही. तार बरोबर लागली आहे, फक्त चाल जुळलेली नाही, ही ती चांगली बातमी असते. दुसरी, दर अक्षराला घड्याळ नव्याने जुळते, म्हणून दोन्ही घड्याळांत शेकडा दोन-तीनचा फरक असला तरी काम निभावते. स्वस्त यंत्रांवरही ही पद्धत चालते ती त्यामुळेच.

नोंदी उतरवायला किती वेळ लागेल याचा अंदाजही आता करता येईल. एका अक्षराला दहा बिट, म्हणून ९६०० वेगाला सेकंदाला ९६० अक्षरे. तारीख, वेळ आणि पातळी मिळून एका ओळीत २५ अक्षरे धरली, तर सहा तासांच्या अंतराने केलेल्या वर्षभराच्या १,४६० नोंदी चाळीस सेकंदांच्या आत उतरतात. पंधरा मिनिटांच्या अंतराने नोंदी केल्या असतील तर वर्षाच्या ३५,०४० ओळी होतात आणि सुमारे पंधरा मिनिटे लागतात. बांधावर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसायचे असेल तर हा हिशेब घरून करून निघावा.

वायर हाताळताना

सिरियल जोडणीत माणसे अडतात ती बहुधा वायरीपाशीच. नऊ पिनांपैकी लॉगरसाठी तीन महत्त्वाच्या : २, ३ आणि ५. संगणकाच्या बाजूला ३ नंबरची पिन बोलते, २ नंबरची ऐकते आणि ५ नंबरची दोघांची सामाईक जमीन. लॉगर मोडेमच्या धर्तीवर बनवलेला असेल तर तो २ वर बोलतो, आणि सरळ केबल चालते. संगणकाच्या धर्तीवर बनवलेला असेल तर तोही ३ वर बोलतो. मग दोघे एकमेकांच्या तोंडावर बोलत राहतात आणि ऐकत कोणीच नाही. तिथे २ आणि ३ उलटसुलट केलेली क्रॉस केबल लागते.

कागदपत्र हरवलेल्या लॉगरपाशी हे ओळखायचे कसे? मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. काळी टोचणी ५ नंबरवर धरा आणि लाल आधी २ वर, मग ३ वर टेकवा. जिथे उणे पाच ते उणे बारा व्होल्टच्या आसपास दिसेल ती बोलणारी पिन. जिथे शून्याजवळ दिसेल ती ऐकणारी. दोन्हीकडे शून्य आले तर लॉगर बॅटरी वाचवण्यासाठी झोपलेला असण्याची शक्यता मोठी, आणि त्याला उठवण्याचे उपाय वेगळे आहेत. ही एक युक्ती ज्याने आत्मसात केली त्याचे निम्मे प्रश्न माहितीपत्रकाविना सुटतील.

दुसरी सावधगिरी जिवावर बेतणारी, यंत्राच्या जिवावर. अर्डुइनोसारख्या बोर्डांवर बनवलेल्या लॉगरच्या पिनांवर आरएस-२३२ चे व्होल्टेज नसते. तिथे ० आणि ५, किंवा ० आणि ३.३ व्होल्ट एवढाच खेळ असतो, शिवाय अर्थही उलटा : मोकळी तार वरच्या व्होल्टेजवर असते. अशा पिनेला संगणकाची आरएस-२३२ तार थेट जोडली तर उणे बारा व्होल्ट चिपच्या पोटात शिरतात आणि चिप जाते. मध्ये मॅक्स-२३२ जातीची रूपांतर करणारी चिप हवी. चार छोट्या कपॅसिटरांच्या मदतीने ती पाच व्होल्टमधून अधिक आणि उणे दोन्ही तयार करते.

अंतराचेही पाहावे. आरएस-२३२ साठी पंधरा मीटर हा जुना, भरवशाचा आकडा. शेताच्या टोकावरच्या विहिरीपासून घरापर्यंत तार न्यायची तर आरएस-४८५ घ्यावे. त्यात दोन तारांमधला फरक मोजला जातो. बाहेरचा खरखराट दोन्ही तारांवर सारखाच येत असल्याने तो वजा होतो, आणि कमी वेगाला १,२०० मीटरपर्यंत जाता येते. पाणी आणि हवामानाच्या संवेदकांसाठी १९८८ मध्ये आलेली एसडीआय-१२ ही पद्धत याहून निराळी : तीन तारा, बारा व्होल्ट पुरवठा, १२०० चा संथ वेग आणि एकाच तारेवर अनेक संवेदक. प्रत्येकाला पत्ता असतो आणि ज्याला हाक मारली तोच उत्तर देतो. ती संवेदक आणि लॉगर यांच्यातली भाषा आहे. लॉगर आणि संगणक यांच्यातली समजून तिच्या मागे लागू नये.

आणि वीज. विदर्भाच्या पावसाळ्यात कडकडाट सुरू असताना उघड्यावरच्या खांबाला लॅपटॉप जोडून बसू नये, हे सांगायला पुस्तिकेची गरज नाही. तरीही ते सांगितले आहे. लांब तार असेल तिथे प्रकाशाच्या साह्याने विद्युत संबंध तोडणारा आयसोलेटर बसवावा, आणि लॅपटॉप चार्जरवर नव्हे, स्वतःच्या बॅटरीवर चालवावा.

संगणकाच्या बाजूने

आजच्या लॅपटॉपला नऊ पिनांचा पोर्ट नसतो, म्हणून यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर आला. त्यातली चिप एफटीडीआय, प्रोलिफिक किंवा सीएच-३४० यांपैकी असते, आणि तिचा ड्रायव्हर टाकावा लागतो. स्वस्तातल्या बनावट चिपला उत्पादकाचा नवा ड्रायव्हर कधी कधी साफ नाकारतो. अशा वेळी खोट लॉगरमध्ये शोधत दिवस घालवू नये. कन्व्हर्टर लावल्यावर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘कॉम ३’, ‘कॉम ५’ असा नंबर दिसतो. तोच कन्व्हर्टर दुसऱ्या यूएसबी खाचेत घातला तर हा नंबर बदलू शकतो, आणि काल चालणारी जोडणी आज बंद पडल्यासारखी वाटते. लिनक्सवर वापरकर्त्याला पोर्ट वापरायची परवानगी दिलेली आहे का, तेही पाहावे.

पूर्वी विंडोजबरोबर हायपरटर्मिनल मिळत असे. व्हिस्टापासून ते गेले. त्याच्या जागी पुट्टी किंवा टेरा टर्म ही मोफत साधने आहेत. सेटिंग बहुधा आठ बिट, पॅरिटी (चूक ओळखण्यासाठी जोडलेला जादा बिट) नाही, एक स्टॉप बिट. पण एसडीआय-१२ च्या वळणाची काही यंत्रे सात बिट आणि सम पॅरिटी मागतात. जोडणी झाली की एंटर दोन-चार वेळा दाबावे. झोपलेले लॉगर पहिल्या अक्षराने जागे होतात आणि ते अक्षर गिळून टाकतात, उत्तर देतात पुढच्याला. मग लॉगरची मदतीची आज्ञा द्यावी, सत्राची नोंद फाइलमध्ये जाईल असे ठरवावे, आणि नोंदी मागवाव्यात. हेच काम पायथनमध्ये पंधरा-वीस ओळींत कसे बसते, ते पुस्तिकेच्या चौथ्या प्रकरणात ओळीओळीने दिले आहे.

एक नियम मात्र दगडावरची रेघ समजावा. उतरवलेली फाइल उघडून, पहिली आणि शेवटची ओळ पाहून, ओळींची संख्या हिशेबाशी ताडून घेतल्याशिवाय लॉगरची स्मृती पुसू नये. पॅरिटीने एका बिटाची चूक सापडते, दोन बिट बिघडले तर ती गप्प बसते. आणि मूळ फाइल कधीही एक्सेलमध्ये उघडून तिच्यावरच सेव्ह करू नये. ५ जुलै ही तारीख एक्सेल सेटिंगप्रमाणे ७ मे करून टाकते आणि पुढचा आलेख गुपचूप खोटा होतो.

आकडा आला म्हणजे खरा झाला असे नाही

लॉगरमधून आलेल्या आकड्यांभोवती एक खोटे वलय असते. चार दशांश दिसले की माणूस हात जोडतो. म्हणून पुस्तिकेतला सर्वांत मोठा भाग तपासणीला दिला आहे.

घड्याळ पाहा. साध्या क्वार्ट्झ घड्याळात दहा लाखांत वीस भाग एवढा फरक अगदी नेहमीचा आहे. दिवसाला तो पावणेदोन सेकंद, वर्षाला दहा मिनिटांच्या वर. दर भेटीला लॉगरची वेळ आणि खरी वेळ दोन्ही लिहाव्यात, मगच घड्याळ लावावे. वेळ भारतीय आहे की जागतिक, हेही नोंदवावे. दोहोंत साडेपाच तासांचे अंतर आहे, आणि पावसाच्या बाबतीत ते फार महत्त्वाचे ठरते. आपल्याकडे पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. लॉगरने मध्यरात्री ते मध्यरात्री बेरीज केली तर त्याचा आकडा तहसीलच्या आकड्याशी कधीच जुळणार नाही, आणि दोघेही बरोबर असतील.

विहिरीतला संवेदक हवेचा दाबही मोजत असेल तर तो वजा करावा लागतो. हवेच्या दाबात एक हेक्टोपास्कल फरक म्हणजे सुमारे एक सेंटिमीटर पाणी. बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा विदर्भावरून सरकला आणि दाब आठ-दहा हेक्टोपास्कलने उतरला, तर विहिरीत थेंबही कमी न होता पाणी आठ-दहा सेंटिमीटर खाली गेल्यासारखे दिसेल. म्हणून दर भेटीला हाताने फीत सोडून पातळी मोजावी आणि वहीत लिहावी. लॉगर आला म्हणून वही गेली असे नाही. लॉगरचा खरेखोटेपणा ठरतो तो वहीवरूनच.

मग मोबाइलवर येणारे आकडे काय वाईट?

वाईट मुळीच नाहीत. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला महापूर आला आणि भंडारा शहरात पाणी शिरले, तेव्हा प्रत्येकाचे लक्ष कारधा पुलाजवळच्या पातळीकडे होते. तिथली धोक्याची पातळी २४५.५० मीटर. अशा रात्री आकडा क्षणात पोचला पाहिजे, वायर घेऊन जाणारा माणूस तिथे काय कामाचा? पुराच्या इशाऱ्यासाठी नेटवर्कच हवे. पण पुरातच टॉवर बंद पडतात, आणि तेव्हा नेटवर्कवरच्या आलेखात खिंडार पडते. ते खिंडार नंतर भरून निघते ते लॉगरच्या स्मृतीत जपलेल्या आकड्यांनी, आणि ते काढायला पुन्हा कोणीतरी वायर घेऊन जातो. सेवेची मुदत संपली, कंपनीने सर्व्हर बंद केला, सिमकार्डाची पिढी बदलली, तरीही तेच. वायर हा नेटवर्कचा प्रतिस्पर्धी नाही, जामीन आहे.

लॉगर विकत घेणाऱ्याने दुकानदाराला म्हणून तीन प्रश्न विचारावेत. नोंदी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये निघतात का? इंटरनेटशिवाय निघतात का? आज्ञांची यादी छापील मिळते का? तिन्हींचे उत्तर ‘हो’ असेल तर थोडे जास्त पैसे गेले तरी हरकत नाही.

पुस्तिकेत सहा प्रकरणे आहेत. पहिल्या दोनांत वायर आणि व्होल्टेज, तिसऱ्यात टर्मिनल, चौथ्यात पायथन, पाचव्यात तपासणी आणि सहाव्यात नोंदींची जपणूक. घाईत असलेल्याने तिसरे आधी वाचले तरी चालेल. पाचवे टाळलेले मात्र चालणार नाही.

पुस्तिका वाचून झाली म्हणजे काम झाले, असे नाही. आंधळगावातल्या एका शाळेने पर्जन्यमापक, एका शेतकरी गटाने विहिरीतला लॉगर आणि एका विणकर सोसायटीने तापमान-आर्द्रतेची पेटी बसवावी. दर महिन्याला ठरलेल्या तारखेला विद्यार्थ्यांनी फाइल उतरवावी, वहीतल्या आकड्याशी ताडावी आणि महिन्याचा एक पानी तक्ता ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. पहिल्या वर्षी त्याकडे कोणी फारसे पाहणार नाही. पाच वर्षांची सलग नोंद जमली की बोअर किती खोल मारावी, कोष कोणत्या खोलीत ठेवावेत, रोवणीला पंपाच्या पाळ्या कशा लावाव्यात, हे प्रश्न गावाला अंदाजावर सोडावे लागणार नाहीत. त्यासाठी लागणारी केबल आणि कन्व्हर्टर काही शेकड्यांत येतात. बाकी सगळी शिस्त.